हँडब्रेक टाईट करताय? आधी शू, मग केबल

गणपती झाले की दरवर्षी हेच. वाडीत कुणाची तरी गाडी चढावर टिकत नाही, मग तो दोन सीटच्या मधलं कव्हर उचकटतो, आतला नट दिसतो, दहाचा पाना घालून चार-पाच आटे आवळतो, लिव्हर परत तीन दातांवर यायला लागते आणि गडी खूष. महिन्याभराने तोच विचारत येतो, गाडी ॲव्हरेज देत नाही रे, मागच्या चाकातून वास पण येतोय. तो नट आवळणं हे सगळ्यात शेवटचं काम आहे आणि लोक सुरुवातच तिथून करतात.

मी पण केलंय म्हणून सांगतोय. देवरुखहून कोल्हापूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी असाच नट आवळला होता. साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना गाडी ओढेना, मला वाटलं एसी आहे म्हणून, एसी बंद केला तरी तेच. वर आंब्याला चहाला थांबलो तर मागच्या डाव्या चाकाजवळ जळका वास, आणि मी शहाणा, बाटलीतलं पाणी ओतलं, चर्रकन वाफ आली. ती दुसरी चूक. तापलेल्या ड्रमवर गार पाणी ओतलं तर ड्रमला तडा जाऊ शकतो, नुसतं उभं राहून थंड होऊ द्यायचं असतं.

खाली जे लिहिलंय ते मागे ड्रम ब्रेक आणि हाताने ओढायची लिव्हर असलेल्या गाड्यांसाठी. मागे डिस्क असेल किंवा लिव्हरऐवजी नुसत्या बटणाने चालणारा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर त्यांचं वेगळं आहे, तेही पुढे थोडक्यात आहे.

आत काय चालतं, दोन मिनिटं द्या

लिव्हर ओढली की खाली दातेरी पट्टीवर एक खिटी दात-दात पुढे सरकते, तोच तो टिक-टिक आवाज. लिव्हरच्या टोकाचं बटण दाबलं की खिटी सुटते. लिव्हरला केबल, केबल पुढे एका आडव्या पट्टीला, आणि तिथून दोन केबल दोन मागच्या चाकांना. ती पट्टी ओढ दोन्हीकडे सारखी वाटते. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी वाटी, तिच्या आत दोन अर्धगोल शू, आणि शूवर घासणारा थर ते लायनर. एका शूवर छोटी लिव्हर असते, केबलने ती ओढली गेली की दोन्ही शू पसरतात आणि ड्रमला आतून घट्ट बसतात. बस, एवढंच. यात ब्रेक ऑईलचा काही संबंध नाही, सगळा तारेचा खेळ, म्हणून पायाचा ब्रेक गेला तरी हँडब्रेक लागतो.

पण शू मात्र तेच, पायाच्या ब्रेकचे आणि हाताच्या ब्रेकचे. शू झिजले की ड्रम आणि शूमधली फट वाढते. ती फट भरून काढायला आत ॲडजस्टर असतो, बऱ्याच गाड्यांत तो पायाचा ब्रेक दाबला की आपोआप एकेक दात पुढे जातो. आणि गंमत इथे आहे. ड्रममधली ती छोटी लिव्हर पूर्ण मागे आपल्या जागी गेली तरच हा ॲडजस्टर नीट काम करतो. तुम्ही केबल आवळून ठेवलीत की ती लिव्हर कायम थोडी ओढलेलीच राहते, ॲडजस्टर अडकतो, फट भरत नाही, मग तुम्ही परत केबल आवळता. पायाचा पेडल पण हळूहळू खाली जायला लागतो आणि माणूस म्हणतो ऑईल बदलूया.

टप्पा १: आधी बघा, पाना नंतर

सपाट जागेवर गाडी उभी करा, बटण न दाबता लिव्हर हळूहळू ओढा आणि दात मोजा. एका हाताच्या साध्या ताकदीने, पाय टेकून दोन हातांनी नाही. छोट्या गाड्यांत साधारण ५ ते ८ दातांत ब्रेक लागायला पाहिजे, तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तकात असतो, तोच खरा. पुस्तक बहुतेकांच्या ग्लोव्हबॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतच असतं, कधी उघडलेलं नसतं, आता उघडा.

मग लक्षणं जुळवा:

- लिव्हर खूप वर येते आणि पायाचा पेडलही खाली जातो: शूची फट वाढलीय किंवा ॲडजस्टर गंजून बसलाय. केबलला हात लावू नका.
- लिव्हर वर येते पण पेडल एकदम चांगला, वरच लागतो: आता केबलवर संशय घ्यायला हरकत नाही.
- लिव्हर बरोबर दातांवर येते पण गाडी टिकत नाही: शूवर ऑईल किंवा ग्रीस गेलंय, नाहीतर लायनर काचेसारखं गुळगुळीत झालंय. ड्रम उघडल्याशिवाय कळणार नाही.
- लिव्हर एकदम हलकी, काहीच वजन नाही: केबल तुटलीय किंवा कुठेतरी निसटलीय.
- लिव्हर जड लागते आणि खाली टाकली तरी चाक सुटत नाही: केबल आतून गंजलीय. आपल्याकडे कोकणात हे सगळ्यात जास्त.

> तपासा: लिव्हर पूर्ण खाली असताना मीटरमधला लाल ब्रेकचा दिवा विझतोय ना? बऱ्याच गाड्यांत तोच दिवा ब्रेक ऑईल कमी झालं तरी लागतो. हँडब्रेक खाली आणि दिवा चालू, तर बॉनेट उघडून ऑईलची पातळी बघा, शू खूप झिजले की ती पण उतरते.

टप्पा २: तयारी

यातच लोक सगळ्यात जास्त घाई करतात. या कामात हँडब्रेक सोडलेला असतो आणि मागची चाकं हवेत असतात, म्हणजे गाडी धरून ठेवणारं फक्त तुम्ही पुढच्या चाकांना काय लावलंय तेच.

जागा सपाट आणि टणक पाहिजे. पावसानंतर अंगणातली माती वरून सुकलेली दिसते पण आत मऊ असते, जॅक खाली जातो, म्हणून जॅकखाली जाड फळी घाला. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड नाहीतर माडाच्या ओंडक्याचे तुकडे लावा. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागची चाकं तरीही मोकळी फिरतील. मागच्या चाकांना पॉवर जाणारी गाडी असेल तर चाक फिरवून बघायला न्यूट्रल करावं लागतं, तिथे दगड अजून नीट लावा आणि गाडीजवळ पोरांना फिरकू देऊ नका.

> सावधान: गाडीखाली चिरा लावू नका. दिसायला भक्कम दिसतो, गडगे आणि घरं त्याचीच आहेत, पण जांभा दगड एका बिंदूवर वजन आलं की भुगा होऊन बसतो आणि ओला असेल तर सांगून बसत नाही. जॅक स्टँडच वापरा, नुसत्या जॅकवर पण नको. शेजाऱ्याकडे नसेल तर गॅरेजमधून दिवसाभरासाठी मागून आणा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा, गाडी वर घेतल्यावर चाक फिरत राहतं आणि जोर लावताना गाडी हलते. सामान: जॅक, दोन स्टँड, चाकाचा पाना, दहा-बाराचे पाने, चपटा स्क्रूड्रायव्हर, गंज सोडवायचा स्प्रे, ब्रेक क्लिनर, जुनी फडकी, आणि मोबाईल, कारण ड्रम उघडला की स्प्रिंगांचा फोटो काढायचाच आहे.

टप्पा ३: केबल आधी ढिली करा

हो, ढिली. लिव्हरजवळचं कव्हर काढा, काही गाड्यांत ॲडजस्टिंगचा नट तिथे असतो, काहींत गाडीच्या खाली. आटे दिसतात त्यांना तारेच्या ब्रशने साफ करा, स्प्रे मारा, दहा मिनिटं थांबा. मग नट सोडा, केबल झोळ पडेपर्यंत. आधी किती आटे बाहेर दिसत होते ते मोजून ठेवा किंवा फोटो घ्या.

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं फुकट. केबल ताणलेली असताना शू कितीही नीट बसवा, आतली लिव्हर मागे गेलेलीच नसते.

टप्पा ४: ड्रमच्या आत बघणं

हा टप्पा सगळ्यांनी घरी करायचा नाही, स्पष्ट सांगतो. काही छोट्या गाड्यांत ड्रम आणि बेअरिंग एकत्र असतं, मधे टोपीखाली मोठा नट असतो, तो ठरावीक टॉर्कनेच (मोजून दिलेल्या जोरानेच) आवळायचा असतो आणि बऱ्याचदा नवीनच घालायचा असतो. तुमची तशी असेल तर हे काम मिस्त्रीकडे द्या आणि बाजूला उभं राहून बघा. नुसता ड्रम वेगळा निघणारी गाडी असेल तर पुढे वाचा.

ड्रम सहज निघत नाही, समुद्राजवळच्या गाड्यांचा तर नाहीच. मधल्या गोलाकार जागेत गंज धरतो. तिथे स्प्रे मारा, ड्रमला गोल फिरवत लाकडाच्या किंवा रबराच्या हातोडीने ठोका. बऱ्याच ड्रमना समोर दोन आट्यांची भोकं असतात, त्यात त्या मापाचे बोल्ट घालून दोन्ही थोडे-थोडे, आळीपाळीने आवळले की ड्रम स्वतःच बाहेर ढकलला जातो. एकच बोल्ट आवळत गेलात तर ड्रम तिरका अडकतो. जुन्या ड्रमच्या आतल्या बाजूला झिजून काठ तयार झालेला असतो, शू त्या काठाला अडकतात, अशा वेळी ड्रममागच्या, शू जिच्यावर बसतात त्या प्लेटच्या भोकातून ॲडजस्टर मागे फिरवावा लागतो. खेचाखेची नको.

> सावधान: आतली काळी पूड तोंडाने किंवा हवेच्या पाईपने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लिनर मारून ओल्या फडक्याने पुसा, फडकं फेकून द्या.

> सावधान: ड्रम बाहेर असताना पायाचा ब्रेक दाबायचा नाही. व्हील सिलेंडरचे, म्हणजे ऑईलच्या दाबाने शू पसरवणाऱ्या छोट्या सिलेंडरचे, पिस्टन बाहेर येतील आणि ऑईल सगळ्या शूंवर. गाडीत कुणी बसलेलं असेल तर त्याला उतरवा.

आता बघायचं काय. लायनर किती शिल्लक आहे, पुस्तकात दिलेल्या मर्यादेखाली असेल तर बदला, रिव्हेटचं असेल तर रिव्हेटचं डोकं ड्रमला घासायच्या आधीच. बदलायचे तर दोन्ही चाकांचे, एकाच बाजूचे कधीच नाही. व्हील सिलेंडरचं रबर हळूच उचलून बघा, आत ओलं असेल तर सिलेंडर गळतोय, तो आधी दुरुस्त करा. ऑईल प्यायलेले शू पेट्रोलने धुऊन, तव्यावर भाजून परत लावणारे लोक मी पाहिलेत. दोन दिवस बरं वाटतं. नवीन घ्या.

ॲडजस्टर हाताने फिरतोय का बघा. इथेच बहुतेक वेळा चोर सापडतो. पावसाळाभर पाणी आणि खारी हवा, आटे गंजून दगड झालेले असतात. काढून, साफ करून, आट्यांना अगदी थोडं ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस लावा, आणि शू मागच्या प्लेटला जिथे टेकतात त्या जागांना टिकलीएवढं. साधं ग्रीस गरम होऊन वितळतं आणि लायनरवर जातं. डावा आणि उजवा ॲडजस्टर बऱ्याच गाड्यांत वेगळा असतो, आटे उलटे असतात, अदलाबदल झाली तर ब्रेक दाबताना फट भरायच्या ऐवजी वाढत जाते. म्हणून एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बाजू नमुना म्हणून राहू द्या.

टप्पा ५: शूची फट

हाताने फिरवायचा ॲडजस्टर असेल तर ड्रम बसवा, प्लेटच्या भोकातलं रबराचं बूच काढा, स्क्रूड्रायव्हरने दातेरी चाक फिरवत जा. मधून मधून ड्रम हाताने फिरवत राहा. जाम झाला की मागे या, थोडे थोडे दात, ड्रम मोकळा फिरेपर्यंत. कुठेतरी हलकी सुर्र अशी घासण ऐकू आली तर चालेल, पण हाताला अडकता कामा नये. बूच परत लावा! ते राहिलं की आत पाणी आणि चिखल, आणि पुढच्या वर्षी परत हेच काम.

आपोआप चालणारा असेल तर दोन्ही ड्रम बसवून, गिअर न्यूट्रल करून, गाडी चालू करून पायाचा ब्रेक पूर्ण दाबा-सोडा, दाबा-सोडा, दहा-पंधरा वेळा. आतून टिक असा बारीक आवाज येत असेल तर तो ॲडजस्टर पुढे जातोय. आवाज थांबला आणि पेडल वर लागायला लागला की झालं. काही गाड्यांत हा ॲडजस्टर रिव्हर्स घेताना ब्रेक दाबल्यावर चालतो तर काहींत हँडब्रेक ओढल्यावर, तेव्हा परत एकदा ते पुस्तक.

> तपासा: या क्षणी केबल अजून ढिलीच आहे. दोन्ही चाकं हाताने फिरवा, सारखीच फिरायला हवीत. एक फिरतंय आणि एक अडतंय तर केबलकडे जाऊ नका, टप्पा ४ ला परत जा.

टप्पा ६: आता केबल

नट आवळायच्या आधी केबल तपासा. बाहेरचं काळं कव्हर कुठे फाटलंय का, टोकाचं रबर फुटलंय का, आतल्या तारेचा एखादा धागा सुटलाय का. लिव्हर ओढून सोडल्यावर केबल स्वतःहून, स्प्रिंगने, मागे गेली पाहिजे. हाताने ढकलावी लागत असेल तर आत गंज फुगलाय. त्यात ऑईल ओतायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल, मी दोनदा ओतलंय, सात-आठ दिवस चालतं आणि मग अजून घट्ट. केबल बदला.

केबल ठीक असेल तर नट थोडा आवळा, झोळ जाईपर्यंत. मग लिव्हर चार-पाच वेळा जोरात ओढा-सोडा म्हणजे सगळं आपापल्या जागी बसेल. परत दात मोजा. कमी-जास्त असेल तर अर्धा-अर्धा आटा करत पुस्तकातल्या आकड्यावर आणा. दोन-तीन दातांवर आणायचा मोह होतो, गाडी कशी कडक वाटते, पण तोच तो आंबा घाट.

लॉकनट (मुख्य नट सुटू नये म्हणून असलेला दुसरा नट) असेल तर आवळा, आवळताना मुख्य नट फिरू देऊ नका.

टप्पा ७: गाडी खाली घ्यायच्या आधी

- लिव्हर पूर्ण खाली: दोन्ही चाकं मोकळी.
- लिव्हर एक-दोन दात: मीटरमधला दिवा लागला पाहिजे, चाकं थोडी घासायला लागली तर चालेल.
- लिव्हर ठरलेल्या दातांवर: दोन्ही चाकं जाम, ताकद लावली तरी हलू नयेत, आणि एकाच वेळी जाम व्हायला हवीत.
- परत खाली: लगेच मोकळी, सेकंदभर पण अडकू नयेत.

शेवटची ओळ फार महत्त्वाची. मग चाकाचे नट हाताने बसवा, गाडी खाली घ्या, आता पान्याने समोरासमोरचे आवळा. पाच-सहा किलोमीटर कमीत कमी ब्रेक वापरत चालवून या आणि दोन्ही मागच्या चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एका बाजूला धग जास्त लागली तर ती बाजू घासतेय. आठवड्याने परत दात मोजा, नवीन शू असतील तर एक-दोन दात वाढलेले असतात.

पावसात चिकटलेला हँडब्रेक

चाकरमानी गणपतीला येतात, गाडी पावसात भिजत-भिजत येते, तशीच ओली फणसाखाली उभी, हँडब्रेक करकचून ओढलेला, आणि मग पाच-सात दिवस कुणी बघत नाही. परतीच्या दिवशी सगळं सामान, नारळ, भोपळे भरून झाले की गाडी जागची हलत नाही. ड्रमला गंजाचा पापुद्रा धरतो आणि शू त्याला चिकटून बसतात.

ॲक्सिलरेटर देऊन हिसडा मारू नका. लायनर शूपासून उखडून आतच अडकतं, मग गाडी गणपतीबरोबर नाही, टोइंगवाल्याबरोबर जाते. लिव्हर सोडा, पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडून पुढे, मग रिव्हर्समध्ये मागे, असं हलकं हलकं झुलवा. बऱ्याचदा टक् असा आवाज येऊन सुटते. नाही सुटली तर चाक काढून (गाडी नीट टेकवून, दगड लावून) ड्रमच्या कडेने लाकूड ठेवून ठोका.

हे होऊ नये म्हणून: पावसातून आलात की शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये हलका ब्रेक दोन-चार वेळा दाबा म्हणजे ड्रम जरा सुकतो. जागा सपाट असेल आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढूच नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दोन्हीकडून दगड लावा. पुळणीवर, म्हणजे समुद्राच्या वाळूवर, गाडी नेली असेल, नेऊ नये पण नेतात, तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा, केबलच्या टोकांवर आणि ड्रमच्या मागच्या प्लेटवर खास.

मागे डिस्क किंवा बटणवाला हँडब्रेक असेल तर

मागे डिस्क असलेल्या काही गाड्यांत घाट उतरून तापलेल्या डिस्क थंड होताना आकसतात आणि पकड सैल पडू शकते, म्हणून घाटात थांबलात तर गिअर टाकाच आणि दहा मिनिटांनी लिव्हर अजून एक दात ओढा. बटणवाल्या हँडब्रेकमध्ये मागचे पॅड बदलायला आधी मोटर सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते, पिस्टन क्लॅम्पने दाबलात तर मोटर जाते. ते सर्व्हिस सेंटरला.

उतारावर उभी करायचा क्रम

एवढं ॲडजस्ट करून लोक वापरतात चुकीच्या क्रमाने. पायाचा ब्रेक दाबून ठेवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, मग पाय हळूच उचला आणि गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या. टिकली? आता परत ब्रेक दाबून गिअर टाका, चढाकडे तोंड असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिकमध्ये पण आधी हँडब्रेक, मग पी, नाहीतर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिटीवर येतं आणि नंतर पी मधून काढताना धाडकन आवाज होतो. पुढची चाकं डोंगराच्या बाजूला वळवून ठेवा. डाव्या हाताला दरी असेल तर तिथे उभी करूच नका, फोटो पुढच्या वळणावर पण चांगला येतो.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीवर गाडी चढवलीत तरी हेच, हँडब्रेक आणि गिअर दोन्ही. उतरताना जेटीचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो, पुढची गाडी पूर्ण वर जाईपर्यंत आपली लिव्हर खाली टाकू नका.